जे पुस्तक कुणी घरी नेत नाही

नवी मुंबईतील एका खासगी विद्यापीठाच्या ग्रंथालयाची मी गेली तीन वर्षे बाहेरची सभासद आहे. मी कोपरखैरण्याला राहते, कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते आणि सिडकोने जमीन संपादित केल्यानंतर इथल्या गावांतले व्यवसाय कसे बदलत गेले याचा अभ्यास नोकरी सांभाळून करते. ग्रंथालयाविषयी लिहिताना बहुतेक जण इमारत, बैठकव्यवस्था आणि कर्मचाऱ्यांची वागणूक यांवर लिहितात. त्या गोष्टी मीही सांगणार आहे, परंतु थोडक्यात. कारण ग्रंथालय चांगले की वाईट हे शेवटी त्याच्या कपाटात काय आहे यावर ठरते, आणि कपाटात काय आहे हे एखादे पुस्तक आणायचे की नाही, आणलेले ठेवायचे की काढायचे, हे तिथे कोण आणि कशावरून ठरवते यावर अवलंबून असते. विद्यापीठाचे नाव मी मुद्दाम देत नाही. ज्या उणिवा पुढे येतील त्या निवडीच्या पद्धतीतल्या आहेत, आणि ती पद्धत बऱ्याच ठिकाणी याच वळणाची आहे.

आधी सोयींविषयी. बाहेरच्या सभासदाला वार्षिक शुल्क आणि परत मिळणारी अनामत रक्कम भरावी लागते, शिवाय आपण ज्या संस्थेत काम करतो तिचे पत्र द्यावे लागते. दोन पुस्तके पंधरा दिवसांसाठी घरी नेता येतात. संदर्भ विभागातली पुस्तके मात्र तिथेच बसून वाचावी लागतात. वाचनकक्ष स्वच्छ आहे, खिडकीशेजारच्या टेबलांवर दुपारपर्यंत चांगला उजेड असतो, पिण्याच्या पाण्याची सोय आहे. खाडीकाठच्या दमट हवेत पावसाळ्यात पुस्तकांना बुरशी धरते, ती इथे फारशी दिसत नाही, म्हणजे कपाटे वेळोवेळी उघडून पुसली जात असावीत. देवघेव विभागातले कर्मचारी सौजन्याने बोलतात. परीक्षेच्या काळात जागा मिळत नाही, ही एकच तक्रार.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगायला हवी. हे ग्रंथालय मुक्तद्वार आहे, म्हणजे वाचकाला थेट कपाटापर्यंत जाऊन पुस्तक हाताळता येते. आपल्याकडे हे सहज घडत नाही. हरवलेल्या पुस्तकाची भरपाई आपल्या खिशातून करावी लागेल या धास्तीने कित्येक ग्रंथपालांनी वर्षानुवर्षे कपाटांना कुलपे घातली. वास्तविक केंद्र सरकारच्या २०१७च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतील २१५व्या नियमात, वर्षभरात वाचकांना दिलेल्या वा त्यांनी चाळलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकांची तूट वाजवी धरावी, असे स्पष्ट म्हटले आहे. अट एवढीच, की त्यामागे अप्रामाणिकपणा वा हलगर्जी नसावी, आणि एक हजार रुपयांहून अधिक किमतीचे किंवा दुर्मीळ पुस्तक हरवल्यास चौकशी व्हावी. खासगी विद्यापीठाला हा नियम थेट लागू नसला, तरी इथल्या ग्रंथपाल मॅडमनी त्याचाच आधार घेऊन कुलपे काढायला व्यवस्थापनाकडून मंजुरी मिळवली, असे त्यांनी मला सांगितले. मुक्तद्वार पद्धतीमुळेच मला या ग्रंथालयाची निवड कशी चालते हे कळू लागले. कपाटापुढे उभे राहिले, की कोणत्या विषयाला किती जागा आहे आणि कोणत्या विषयाची ओळ मध्येच तुटली आहे, हे समोर दिसते.

पुस्तक खरेदीची रीत अशी आहे. अध्यापक मागणीपत्र भरतो; त्यावर लेखक, शीर्षक, प्रकाशक, आवृत्ती, अंदाजे किंमत, प्रतींची संख्या आणि कोणत्या अभ्यासक्रमासाठी हवे हे लिहायचे असते. विभागप्रमुखाची सही झाली की पत्र ग्रंथालयात येते, तिथे हे पुस्तक आधीच आहे का हे तपासले जाते, आणि मग यादी ग्रंथालय समितीपुढे जाते. समितीची मान्यता मिळाल्यावर पुरवठादारांकडून दर मागवले जातात. परदेशी पुस्तकाची किंमत रुपयांत धरताना प्रकाशक आणि पुस्तकविक्रेत्यांच्या गुड ऑफिसेस कमिटीने जाहीर केलेला विनिमय दर वापरण्याचा प्रघात आहे. पुस्तक आले की दाखलनोंद वहीत त्याला क्रमांक मिळतो, शिक्के बसतात, वर्गांक ठरतो, पाठीवर चिठ्ठी लागते आणि बारकोड चिकटवला जातो. सगळी रीत नेटकी आहे. मला तिच्यात सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे बाहेरच्या सभासदालाही मागणीपत्र देता येते. मी पहिल्याच वर्षी ग्रामीण रोजगारावरचे एक पुस्तक मागितले होते. चार महिने लागले, परंतु ते आले, आणि ते आल्याचा निरोप देवघेव विभागातून फोन करून मला दिला गेला.

डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले. त्यातला दुसरा, प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे असे सांगतो, आणि तिसरा, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा असे. वर सांगितलेली मागणीपत्राची रीत दुसऱ्या सिद्धान्ताची चांगली सोय लावते. जो मागतो त्याला मिळते. परंतु मागणारा आज समोर उभा असावा लागतो. दहा वर्षांनी येणाऱ्या संशोधकाच्या वतीने आज कोण सही करणार, याची तरतूद त्या पत्रात नाही, आणि माझ्या सगळ्या तक्रारींचे मूळ तिथे आहे.

मागणी करणारे अध्यापक असल्याने ती अभ्यासक्रमाला धरून होणार हे उघड आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आल्यापासून चार वर्षांच्या पदवीची सोय झाली, नवे विषय आले, भारतीय ज्ञान परंपरेसारख्या विषयांचे श्रेयांक आले, आणि प्रत्येक नव्या विषयाबरोबर त्याच्या क्रमिक पुस्तकांच्या अनेक प्रती घेणे भाग पडले. ज्या विद्यार्थ्याला सातशे-आठशे रुपयांचे पुस्तक परवडत नाही त्याच्यासाठी या प्रती फार महत्त्वाच्या आहेत, आणि त्यांवरचा खर्च कमी करावा असे मी म्हणणार नाही. मात्र क्रमिक पुस्तकांच्या दहा-बारा प्रतींनी भरलेल्या फळ्या पाहिल्या, की पुढची आवृत्ती आल्यावर यांतल्या किती उरतील, आणि त्याच पैशांत एकेक प्रत घेऊन कोणत्या विषयाची तुटलेली ओळ जोडता आली असती, हा विचार मनात येतोच.

दरवर्षी फेब्रुवारीत इथे पुस्तकांचे प्रदर्शन भरते, त्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. पुरवठादार तळमजल्याच्या सभागृहात टेबले मांडतात, अध्यापक येऊन पुस्तके चाळतात, आणि जे हवे असेल त्यात आपले नाव व विभाग लिहिलेली चिठ्ठी खोचतात. चिठ्ठी खोचलेली पुस्तके पसंतीसाठी ग्रंथालयात ठेवून घेतली जातात. मीही दोन वर्षे ते पाहिले. निवड करण्याची ही फार जिवंत रीत आहे, कारण सूचीतले शीर्षक वाचून मागवणे वेगळे आणि अनुक्रमणिका, निर्देशसूची व छपाई डोळ्यांनी पाहून ठरवणे वेगळे. परंतु प्रदर्शनात तेच येते, जे पुरवठादार टेम्पोत घालून आणतो. मोठ्या इंग्रजी प्रकाशकांची चकचकीत पुस्तके त्याच्याकडे असतात, कारण त्यांवरची सूट ठरलेली असते आणि माल परत करण्याची सोय असते. पुण्यातल्या, कोल्हापुरातल्या किंवा पेण-अलिबागच्या एखाद्या लहान मराठी प्रकाशकाला ना ती सूट परवडते, ना तो दरपत्रक भरत बसतो. गेल्या वर्षी त्या सभागृहात मराठी पुस्तकांचे एकच टेबल होते, आणि त्यावर स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके व व्यक्तिमत्त्व विकासाची पुस्तके होती. अर्थशास्त्र, समाजशास्त्र किंवा इतिहास या विषयांतले मराठीतले नवे लेखन तिथे कुणाच्या हाती लागण्याची शक्यताच नव्हती, मग चिठ्ठी कुठून खोचली जाणार?

३१ मार्चला आर्थिक वर्ष संपते आणि खर्च न झालेली रक्कम परत जाते, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये खरेदीची घाई होते, हीदेखील निवडीवर परिणाम करणारी गोष्ट आहे. घाईत तेच घेतले जाते जे ताबडतोब मिळते. ग्रंथपाल मॅडमना हे पूर्ण ठाऊक आहे. त्यांनी समितीकडून तिमाही खरेदीला मान्यता घेतली आहे, आणि या वर्षी जून व सप्टेंबरमध्ये प्रत्येकी एक यादी गेली, ही समाधानाची बाब आहे.

खर्चाचा मोठा वाटा मात्र पुस्तकांवर होत नाही. तो इलेक्ट्रॉनिक नियतकालिकांच्या वर्गणीवर होतो. प्रकाशक शेकडो नियतकालिके एकगठ्ठा देतात, त्यांतली आपल्याला हवी तेवढीच घेतो म्हटले तर दर असा लागतो की गठ्ठाच स्वस्त पडावा. अशा गठ्ठ्यात काय असावे हे ग्रंथालय ठरवत नाही, प्रकाशक ठरवतो. पूर्वी वर्गणी बंद केली तरी बांधणी करून ठेवलेले जुने अंक आपल्या मालकीचे राहत. आता करारात कायमच्या वापराचे कलम नसेल तर वर्गणी थांबताच मागचे अंकही दिसेनासे होतात. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली, तिच्यात २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद असून ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके ६,३००हून अधिक संस्थांना खुली होत आहेत. परंतु या संस्था केंद्र व राज्य सरकारांच्या आहेत. खासगी विद्यापीठाला वर्गणीचा भार स्वतःच उचलावा लागतो, आणि दर वाढले की कात्री पहिली लागते ती पुस्तकांना, आणि पुस्तकांतही ज्यांची मागणी कुणी केलेली नाही त्यांना. इथे कुणाचा हेतू वाईट आहे असे नाही. हिशेबच तसा लागतो.

आता माझ्या विषयाकडे येते. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी निश्चित करण्यात आली. या गावांत शेती होती, मिठागरे होती, खाडीतली मासेमारी होती. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन उभे राहिले, जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलक हुतात्मा झाले, आणि पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. या इतिहासाची साधने पुस्तकरूपात फारशी नाहीत. ती आहेत संपादनाच्या नोटिशींमध्ये, ग्रामपंचायतींच्या ठरावांत, कृती समित्यांच्या पत्रकांत, देवळांच्या जीर्णोद्धाराच्या स्मरणिकांत, साडेबारा टक्के योजनेच्या माहितीपुस्तिकांत आणि आगरी लग्नांत धवलारिणी या स्त्रिया गातात त्या धवल्यांच्या, म्हणजे लग्नगीतांच्या, वह्यांत.

या कशालाही आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, नाही, प्रकाशक नाही, पुरवठादार नाही. खरेदीच्या रीतीत प्रवेश मिळण्यासाठी बिल लागते, आणि पत्रकाचे बिल कोण देणार? अशा साहित्याला एकच दार उरते, ते म्हणजे देणगी. इथल्या नियमानुसार पाच वर्षांहून जुने पुस्तक देणगी म्हणून स्वीकारले जात नाही. नियम का झाला हे समजण्यासारखे आहे; घर बदलताना लोक मुलांची जुनी गाईडे पोत्यात भरून ग्रंथालयात आणून टाकतात, आणि ती नाकारायला काहीतरी आधार लागतो. परंतु माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांच्या मुलीने वडिलांच्या पश्चात त्यांनी जपलेली पत्रके आणि स्मरणिकांची एक ट्रंक देऊ केली, तेव्हा तोच नियम तिला ऐकवण्यात आला.

“ताई, हे सगळं एकोणीसशे ऐंशीच्या आसपासचं आहे. पाच वर्षांच्या आतलं काही असेल तर बघा,” असे काउंटरवर सांगितले गेले.

ती ट्रंक सध्या माझ्या घरी गॅलरीत, प्लास्टिकच्या कागदाखाली आहे. पावसाळ्यात मी ती आतल्या खोलीत घेते.

कुणी म्हणेल, मराठी साहित्य जपण्यासाठी ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय आहे. विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकाराने १८९३ साली उभी राहिलेली ती संस्था आपल्या भागाचे भूषण आहेच. १९५४च्या ग्रंथ प्रदान कायद्यानुसार छापील पुस्तकाची एक प्रत मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयातही जाते. आणि ग्रंथालयांना जोडणाऱ्या डेलनेटसारख्या जाळ्यातून आंतरग्रंथालयीन देवघेव होते, म्हणजे प्रत्येकाने सगळे घेण्याची गरज नाही. हे मला पूर्ण मान्य आहे. किंबहुना जे शेजारी मिळते ते आपण पुन्हा घेऊ नये, हीच निवडीची पहिली पायरी असावी. पण त्याच न्यायाने, जे दुसरीकडे कुठेच मिळणार नाही ते तरी आपण घ्यावे. खारघर, बेलापूर, तुर्भे, घणसोली इथल्या गावांची कागदपत्रे नवी मुंबईतल्या विद्यापीठाने गोळा केली नाहीत, तर कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय ती गोळा करणार नाही.

यापुढचा प्रसंग गेल्या मे महिन्यातला आहे. सुट्टीमुळे वाचनकक्ष रिकामा होता. दुसऱ्या मजल्यावर जाताना जिन्याच्या वळणावर सुतळीने बांधलेले पुस्तकांचे गठ्ठे भिंतीला लावून ठेवलेले दिसले. प्रत्येक गठ्ठ्यावर कागद होता आणि त्यावर ‘निर्लेखन’ असे लिहिले होते. म्हणजे ही पुस्तके नोंदवहीतून कमी करून रद्दीत द्यायची होती. बहुतेक गठ्ठे संगणकाच्या जुन्या पुस्तकांचे होते, त्यांना कुणाची हरकत असण्याचे कारण नव्हते. शेवटच्या गठ्ठ्यात मात्र एका जाड, तपकिरी पाठीच्या पुस्तकावर माझी नजर गेली. ती ठाणे जिल्ह्याची १९७१ची जनगणना पुस्तिका होती. तिच्याखाली १९६१ची होती.

मी सुतळी सैल करून १९७१ची पुस्तिका तिथेच पायरीवर बसून उघडली. शेवटच्या पानावर परतीच्या तारखांची चिठ्ठी होती, आणि ती पूर्ण कोरी होती. इतक्या वर्षांत त्यावर एकही तारीख पडलेली नव्हती. चिठ्ठीच्या वर लाल शाईत ‘संदर्भ, बाहेर देऊ नये’ असा शिक्का होता. आत गावांचे तक्ते होते, प्रत्येक ओळीत एक गाव, त्यापुढे क्षेत्र, घरे, लोकसंख्या आणि काम करणाऱ्यांची वर्गवारी. या वर्गवारीत मासेमारीला स्वतंत्र रकाना नाही. पशुपालन, वने, शिकार आणि फळबागा यांच्याबरोबर ती एकाच वर्गात धरली आहे, त्यामुळे कोळीवाड्याच्या आकड्यांपाशी नीट विचार करून थांबावे लागते. त्या रकान्याच्या समासात कुणीतरी कधीतरी पेन्सिलीने बारीक बेरीज मांडली होती. म्हणजे ही पुस्तिका वापरली गेली होती, टेबलावर पसरून, पेन्सिल हातात घेऊन वापरली गेली होती. फक्त घरी नेली गेली नव्हती, कारण ती घरी नेऊच देत नव्हते.

मी संदर्भ विभागात जाऊन विचारले, “सर, हे बाद कशावरून ठरवलं?”

त्यांनी संगणकावरची यादी दाखवली. “पंधरा वर्षांत एकदाही इश्यू झालेलं नाही, अशी यादी काढली, मॅडम. तीच समितीपुढे गेली.”

“पण हे इश्यू होतच नाही ना. शिक्काच आहे तसा.”

ते क्षणभर यादीकडे पाहत राहिले आणि मग उठून माझ्याबरोबर जिन्यापर्यंत आले.

ग्रंथालयशास्त्रात ही चूक नवी नाही. अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठात ॲलन केंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास १९७९ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले, की तिथल्या ग्रंथालयाने १९६९ मध्ये घेतलेल्या पुस्तकांपैकी सुमारे ४० टक्के पुस्तके १९७५ अखेरपर्यंत एकदाही घरी नेली गेली नव्हती. त्या आकड्याने मोठी खळबळ उडाली, आणि ग्रंथालये वापर पाहून खरेदी करू लागली, न वापरलेले काढू लागली. अभ्यास मोलाचा होता, परंतु त्यावर एक आक्षेपही घेतला गेला: घरी नेणे म्हणजेच वापर नव्हे. कोश, नकाशे, जनगणनेचे तक्ते, गॅझेटियर (जिल्ह्याची माहिती देणारे सरकारी ग्रंथ) यांचा वापर उभ्या उभ्या, दहा मिनिटांत, एका आकड्यासाठी होतो. तो मोजायचा तर वाचकांनी टेबलावर सोडलेली पुस्तके फळीवर परत ठेवण्यापूर्वी मोजावी लागतात. ‘कोहा’ या मुक्त संगणकप्रणालीत तशी सोय आहे. बाहेर न दिलेले पुस्तक परत घेतल्यासारखे स्कॅन केले, की त्याची नोंद जागेवरचा वापर म्हणून करता येते. आपल्या ग्रंथालयांत ही सोय किती जण वापरतात, हा विचारण्यासारखा प्रश्न आहे, कारण टेबलावरची पुस्तके उचलणारा सेवक आणि निर्लेखनाची यादी करणारा अधिकारी यांच्यामध्ये बहुधा कोणतीच वही नसते.

जुन्या जनगणना पुस्तिका आता स्कॅन होऊन इंटरनेटवर मिळतात, मग कागदी प्रत कशाला, असाही मुद्दा तिथे निघाला. तो गंभीरपणे घेण्यासारखा आहे. एखाद्या गावाचा एकच आकडा हवा असेल, तर पडद्यावरची प्रत पुरते, आणि मी स्वतः ती वापरते. परंतु १९६१ आणि १९७१ या दोन पुस्तिकांमधली गावे शेजारी शेजारी ठेवून पाहायची असतील, दोन पानांवर पसरलेला तक्ता आडवा वाचायचा असेल, तर दोन्ही ग्रंथ टेबलावर उघडून बसण्याला पर्याय नाही. १९६१च्या पुस्तिकेत शहराची कल्पनाही नाही. १९७१च्या पुस्तिकेतली मोजणी सिडकोच्या स्थापनेनंतर सुमारे वर्षभराने झालेली आहे, तिच्यात ठाणे तालुक्यातली ही गावे जवळजवळ जशीच्या तशी आहेत. बदलापूर्वीची शेवटची मोजदाद जर कुठे जपली जायला हवी असेल, तर ती ज्या जमिनीवर बदल झाला तिथल्या विद्यापीठात.

दोन्ही पुस्तिका परत आल्या. ग्रंथपाल मॅडमनी मला बोलावून घेतले, संपूर्ण यादी पुन्हा तपासायला लावली आणि संदर्भ शिक्क्याची पुस्तके त्या निकषातून वगळली. हे त्यांनी तत्परतेने केले, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. परंतु त्याआधीच्या वर्षी निर्लेखनाचा एक गट होऊन गेला होता, आणि त्याच निकषावर. त्या यादीत १८८२च्या ठाणे गॅझेटियरचे पुनर्मुद्रण होते. ते रद्दीत गेले, आणि ते का गेले हे सांगणारे टिपण कुठेही नाही, कारण निकष लेखी नव्हता.

माझे मुख्य म्हणणे हेच आहे. या ग्रंथालयाकडे खरेदीची रीत लेखी आहे, कोणाची सही कुठे हवी हे ठरलेले आहे, परंतु संग्रहाचे धोरण लेखी नाही. कोणत्या विषयात केवळ शिकवण्यापुरते घ्यायचे, कोणत्या विषयात संशोधनाला पुरेल इतके, आणि कोणत्या एखाद-दुसऱ्या विषयात मिळेल ते सगळे गोळा करायचे, हे दोन पानांत लिहून समितीने मान्य केले असते, तर ट्रंक परत गेली नसती आणि गॅझेटियर रद्दीत गेले नसते. तिसऱ्या प्रकारात या विद्यापीठाने एकच विषय घ्यावा, नवी मुंबईची मूळ गावे. त्यासाठी फार पैसे लागत नाहीत. पत्रके फुकट मिळतात. लागते ती आम्लविरहित कागदाची पाकिटे, एक कपाट आणि गावागावांत जाऊन लोकांशी बोलणारा माणूस.

विद्यार्थ्यांच्या प्रकल्प अहवालांचे उदाहरण याच धोरणाच्या अभावाचे आहे. पीएच.डी.चे प्रबंध नियमानुसार इन्फ्लिबनेटच्या ‘शोधगंगा’ या ऑनलाइन प्रबंधसंग्रहात जातात, त्यामुळे ते सुरक्षित आहेत. एम.ए.च्या मुलांनी दिवाळे गावातल्या मासळी बाजारावर किंवा ऐरोलीच्या गावठाणातल्या भाडेकरूंवर केलेले अहवाल मात्र विभागांच्या कपाटांत पडून राहतात आणि जागा भरली की काढून टाकले जातात. त्यांत चुका असतात, भाषा अडखळते, पण मुलांनी स्वतः दारोदार फिरून भरलेल्या प्रश्नावल्या त्यांत असतात. जगात त्यांची दुसरी प्रत नाही.

एवढे लिहूनही मी या ग्रंथालयाचे सभासदत्व या वर्षी पुन्हा घेतले आहे, आणि ठाणे-नवी मुंबईतल्या शिक्षकांनी व संशोधकांनी ते घ्यावे असे मला वाटते. मागणीपत्र स्वीकारणारे, ऐकून घेणारे आणि चूक दुरुस्त करणारे ग्रंथालय सर्वत्र मिळत नाही. अभ्यासक्रमाची पुस्तके हवी असणाऱ्याला तर इथे काहीच कमी पडणार नाही. जो स्थानिक इतिहासासाठी येईल त्याने पहिल्याच दिवशी मागणीपत्र भरावे आणि जी पुस्तके चाळाल ती फळीवर स्वतः परत न ठेवता टेबलावरच सोडावीत, कारण जूनपासून इथे संदर्भ विभागातल्या टेबलांवरची पुस्तके मोजली जाऊ लागली आहेत. सध्या ती नोंद संगणकात होत नाही. सेवक काका प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने एक उभी रेघ ओढतात आणि मगच ते ढकलगाडीवर ठेवतात. गेल्या शनिवारी १९७१च्या पुस्तिकेत मागे सात रेघा होत्या. त्यांतल्या चार माझ्या आहेत.

देणगीच्या नियमाला स्थानिक साहित्यापुरता अपवाद करावा, असा अर्ज मी ट्रंकेतल्या कागदांची यादी जोडून समितीला दिला आहे. समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे.